उलट्या मीटरचा गणपती

काशीत ज्याने घाट बांधला त्याचं नाव गंगा वाहते आहे तोवर राहतं. राजांनी बांधले, सरदारांनी बांधले, राण्यांनी दागिने मोडून बांधले. नव्वदचं दशक संपता संपता मीही एक बांधला. त्याला पाच पायऱ्या होत्या, आणि टेलिफोनची लाइन बरी असेल तर त्या उतरायला साधारण चाळीस मिनिटं लागत.

मी वेबसाइट बनवत असे.

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत माझं दुकान होतं. मुळात ते लग्नपत्रिकांचं. मराठी, हिंदी किंवा संस्कृत, हवी त्या भाषेत मी संगणकावर पत्रिका जुळवून द्यायचो. पुढे माझ्या मेहुण्याने पुण्याहून वेबसाइट कशी बनवावी याचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. त्या उन्हाळ्यात लाइट इतकी जायची की संगणकावर काम करण्यापेक्षा संगणकाबद्दल वाचणं सोपं होतं. पुस्तक संपलं तेव्हा दुकानाच्या पाटीवर ‘लग्नपत्रिका, मुंजपत्रिका, शोकपत्रिका’ याखाली मी ‘वेबसाइट’ असं रंगवून घेतलं. शोकपत्रिकेच्या लगेच खाली आल्यामुळे पहिले काही महिने लोकांचा थोडा गैरसमज झाला.

आजच्या वाचकाला हा धंदा तेव्हा कसा होता ते सांगायला हवं. आज अंगठा उचलायच्या आत फोनवर पान येतं. तेव्हा संगणक मोडेम नावाच्या एका डबीतून टेलिफोनच्या तारेला जोडायचा. मग ती डबी फरशीवरून लोखंडी कपाट ओढावं तशी ओरडायची. ओरडून झालं आणि पलीकडून कुणी ओ दिली, तर पान येऊ लागायचं. चित्र असेल तर ते बांबूचा पडदा वरून सोडावा तसं एकेक ओळ खाली उतरायचं. तेवढ्यात घरात कुणी फोन उचलला की पडदा तिथेच अडकायचा. कित्येक देवांचे पाय मी कधी पाहिलेच नाहीत.

अशा काळात वेबसाइट बनवणाऱ्याची सगळी कला एकाच प्रश्नात होती: आधी काय दिसलं पाहिजे? माझं शिक्षण लग्नपत्रिकांवर झालेलं. पत्रिकेत आधी गणपती, मग कुलदैवत, मग हयात आणि दिवंगत वडीलधारे, मग वधूवर, आणि कार्यालयाचा पत्ता सगळ्यात खाली. पत्रिकेला ते चालतं, कारण ती सबंध हातात आलेली असते.

माझं पहिलं गिऱ्हाईक चौकातले एक साडीवाले लालाजी. त्यांची अट साधी होती.

“मुकुंद बाबू, साड़ी दिखनी चाहिए, डिज़ाइन नहीं दिखनी चाहिए.”

“फिर ग्राहक देखेगा क्या?”

“हमारा नाम देखेगा. डिज़ाइन देखेगा तो बगल वाला भी देखेगा, और परसों तक बना लेगा.”

मी घडी घातलेल्या चार साड्यांचे मागच्या बाजूने फोटो काढून लावले. लालाजी बेहद्द खूश झाले. महिन्याभराने परदेशातून पहिली चौकशी आली. तुमच्याकडचे टॉवेल पाणी चांगलं शोषतात का, असं विचारलं होतं. लालाजींनी मला उत्तर लिहायला लावलं, “हमारे यहाँ सब कुछ बहुत अच्छा सोखता है.”

या कीर्तीवर केशवगुरुजी माझ्याकडे आले.

केशवगुरुजी बालाजी घाटाजवळ राहणारे तीर्थोपाध्याय. वय सत्तरीच्या आसपास, अंगात बाराबंदी, खांद्यावर झोला, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण संकल्प सोडतो आहोत असं वाटावं. झोल्यातून त्यांनी एक पोस्टकार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

“मुकुंदा, हे वाच. आणि मला सांग, हे नेट कुठे आहे?”

साताऱ्याहून कुणा उंब्रजकर आत्याबाईंनी लिहिलं होतं. त्यांचे भाऊ गेल्या वर्षी वारले. भावाचा मुलगा सुधीर अमेरिकेत असतो. तो पितृपक्षात बायकोला घेऊन काशीला श्राद्धाला येणार आहे. ‘त्याला तुमचे नाव सांगितले, पण त्याने लिहून घेतले नाही. नेटवर बघतो म्हणाला. तरी आपण तेथे असावे.’

“यात काय अडचण आहे, गुरुजी?”

“अडचण समोर राहते,” गुरुजी म्हणाले.

समोर म्हणजे त्यांचे चुलतभाऊ वामनगुरुजी. दोन्ही घरांमधली गल्ली इतकी अरुंद की छत्री उघडली तर दोन्ही भिंतींना लागायची. तीर्थोपाध्यायांची इस्टेट म्हणजे त्यांच्या वह्या. गावोगावचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या काशीला येतात आणि उपाध्यायाच्या वहीत आपलं नाव, गाव, कुळ लिहून सही करतात. ज्याच्या वहीत आजोबांची सही त्याच्याकडे नातवाने उतरायचं, असा धर्म. वाटण्या झाल्या तेव्हा वह्यांचीही वाटणी झाली, आणि उंब्रजकरांची वही केशवगुरुजींच्या लाल गाठोड्यात आली. पाच पिढ्यांच्या सह्या. पण वामनगुरुजींचा छेदी नावाचा माणूस रोज स्टेशनवर उभा असायचा. मराठी बोलणारं कुटुंब गाडीतून उतरलं की तो बॅग आधी उचलायचा आणि आडनाव मग विचारायचा.

“तुम्हीही पाठवा की कुणाला स्टेशनवर.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मंदिरात चपला घालून आलेल्याकडे बघावं तसं. “यजमान आपल्याकडे येतो, मुकुंदा. आपण यजमानाला पकडायला जात नाही. सुधीरचा बाप गेल्या खेपेला निघताना म्हणाला होता, गुरुजी, पुढच्या वेळी मुलगा येईल. तो आला आणि दुसऱ्याच्या वहीत लिहून गेला, तर वर गेल्यावर मी त्याच्या बापाला काय सांगू? छेदी फार चपळ होता, हे सांगू?”

तर सुधीर उंब्रजकर स्टेशनवर उतरायच्या आत त्याला केशवगुरुजींचं दार नेटवर सापडायला हवं होतं. हातात तीन महिने होते.

मी म्हटलं, फार सोपं आहे. एक पान. वर नाव, खाली पत्ता, मोठ्या आकड्यांत फोन नंबर.

“आणि गणपती?”

“घालू. छोटासा, कोपऱ्यात.”

“कोपऱ्यात?” गुरुजी म्हणाले. “माणूस काशीत येतो तो कसा येतो? आधी गणपती. मग कालभैरव, तो इथला कोतवाल, त्याच्या परवानगीशिवाय कुणी राहत नाही. मग अन्नपूर्णा. मग मी. आणि निघताना साक्षीविनायकाकडे हजेरी, नाहीतर आल्याचा पुरावा काय? तुझ्या नेटवर काय, भिंतीवरून उडी मारून थेट माझ्या माजघरात यायचं?”

माझ्या जाड पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

म्हणून पाच पायऱ्या झाल्या. पहिल्या पानावर फक्त गणपती. त्यावर क्लिक केलं की कालभैरव. तिथे ‘आज्ञा मागतो’ असं एक बटण. ते दाबलं की लगेच पुढचं पान यायचं, ते गुरुजींना खटकलं.

“आज्ञा अशी चटकन मिळते होय रे? सरकारी कचेरीत बघ.”

मी अर्ध्या मिनिटाचा उशीर घातला. धंद्यात मुद्दाम उशीर करून दिलेलं माझं हे एकमेव काम. बाकीचे उशीर आपसूक झाले. मग अन्नपूर्णा. चौथ्या पानावर गुरुजी, त्यांची परंपरा, आणि सगळ्यात तळाशी फोन नंबर. पाचवं पान साक्षीविनायकाचं, म्हणजे त्या काळी प्रत्येक वेबसाइटवर असायची ती अभिप्रायाची वही. पाहुण्यांचा आकडा दाखवणारा एक काटाही बसवला. तो शून्यापासून सुरू करायला गुरुजींनी मनाई केली. आमच्या दारात एकशे एकावा पाहुणा पहिला आला.

भांडण झालं ते फक्त पहिल्या पानावरून. मी कॅलेंडरवर असतो तसा सुरेख, गुलाबी गणपती काढून ठेवला होता. गुरुजींना त्यांच्याच दाराशेजारच्या कोनाड्यातला हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून त्या मूर्तीचा गोटा झाला होता. मुकुट, एक डोळा आणि सोंडेची सुरुवात एवढंच ओळखू यायचं. वर कोनाड्याला लागूनच विजेचं मीटर. कुठल्याशा वायरमनने ते फार पूर्वी उलटं बसवलं होतं, त्यामुळे रीडिंग घेणाऱ्याला दर वेळी मान वाकडी करावी लागे. मोहल्ल्यात ते घर त्या मीटरवरूनच ओळखलं जायचं.

“गुरुजी, निदान मीटर तरी कापून टाकतो फोटोतून.”

“देवाच्या फोटोला कात्री लावायची नाही.”

“मीटर देव नाही.”

“शेजारी आहे,” गुरुजी म्हणाले. विषय संपला.

आषाढी एकादशीच्या आधी सुमुहूर्तावर घाट खुला झाला. माझ्या संगणकाला हळदकुंकू लागलं. ते की-बोर्डमध्ये गेलं आणि पुढे वर्षभर मला ‘ळ’ टाइप करायला जोर लावावा लागला. श्रावणात पाऊस लागला आणि गुरुजींचा फोन मेला. तक्रारी केल्या, पण तो काही जिवंत होईना. म्हणजे चाळीस मिनिटं, कोतवालाची परवानगी आणि तीन देव पार करून जो कुणी चौथ्या पानाच्या तळाशी पोचला असता, त्याला तिथे एक मेलेला नंबर मिळाला असता.

त्याच सुमारास वामनगुरुजी दुकानात आले. जाडजूड, हसतमुख माणूस, आल्या आल्या स्टूल ओढून बसणारा.

“केशवदादाला केलंस ते मलाही कर, मुकुंदा. पाच देव घातलेस ना त्याला?”

“चार देव आणि एक गुरुजी.”

“मला सात घाल.”

मी पेचात पडलो. गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही हा दुकानाचा नियम. शेवटी मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की चातुर्मासात नवीन वेबसाइट सुरू करत नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी विचारायलाच नको होतं.” आणि तुळशीच्या लग्नानंतर येतो म्हणून निघून गेले. या धंद्यात माझ्या ज्ञानावर इतका पूर्ण विश्वास दुसऱ्या कुणी टाकल्याचं आठवत नाही.

भाद्रपदात आत्याबाईंचं दुसरं कार्ड आलं. ‘सुधीर त्रयोदशीस सकाळच्या गाडीने पोचतो. नेटवर सापडले म्हणतो. काय सापडले ते सांगत नाही.’

त्रयोदशीला सकाळी गुरुजींनी मला बोलावून घेतलं. वेबसाइट माझी, तेव्हा यजमान न आल्यास जबाबदारही मीच, असा साधारण सूर होता. आम्ही माडीच्या खिडकीत बसलो. लाल गाठोडं सोडून वही पाटावर मांडून ठेवली होती. गुरुजींनी सकाळपासून चहाही घेतला नव्हता. दहाच्या सुमारास गल्लीच्या टोकाला छेदीचा आवाज आला, “आवा साहब, सँभल के, गोबर हौ,” आणि मी खिडकीतून वाकलो.

छेदीच्या डोक्यावर बॅग, मागे चष्मा लावलेला चाळिशीचा एक गृहस्थ, हातात कागद, मागे त्याची बायको. सरळ वामनगुरुजींच्या दारात. खिडकीतून हात लांबवला असता तर मी त्या गृहस्थाच्या टोपीला हात लावू शकलो असतो.

“सातारचे उंब्रजकर ना?” छेदीने पुढे होऊन आडनाव सांगताच वामनगुरुजी दारातून म्हणाले. “या, या. वाटच बघत होतो.”

मी हाक मारायला तोंड उघडलं. गुरुजींनी माझं मनगट धरलं. सत्तरीच्या माणसाच्या मानाने पकड भलतीच होती.

“हाक मारायची नाही.”

“अहो, पण ते तुमचे यजमान!”

“त्याच्या दारात उभे आहेत तोवर त्याचे.”

खाली सुधीर उंब्रजकर कागदाकडे पाहत होता, दाराकडे पाहत होता, पुन्हा कागदाकडे.

“एही हौ, साहब,” छेदी म्हणाला. “गणेशजी हौ, मीटर हौ, सब हौ.”

“पण यातलं मीटर उलटं आहे,” सुधीर म्हणाला. “तुमचं सरळ आहे.”

“फोटो उलटा छापला असेल,” वामनगुरुजी म्हणाले.

“मग गणपतीही उलटा हवा.”

पानवाला दुकानातून मान काढून बघू लागला. मला गुरुजींचा श्वास ऐकू येत होता. आणि मग त्या बाईंनी, पुढे कळलं त्यांचं नाव मेधा, खांद्यावरची पर्स सांभाळायला नुसतं मागे वळून पाहिलं.

“सुधीर,” त्या म्हणाल्या. “मागे बघ.”

तो वळला. त्याने कागद वर धरला. कोनाडा, मीटर, मुकुट, एक डोळा.

पानवाल्याला आता राहवेना. “अरे, ई त केसो गुरू क मीटर हौ! पहिले पूछे होतऽ!”

वामनगुरुजींनी एकदा आमच्या खिडकीकडे पाहिलं. मग छेदीच्या डोक्यावरची बॅग स्वतः उतरवून घेतली. “तेही आमचंच घर,” ते म्हणाले. “जा. दादा वाट बघतोय.” आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते वायरमनला शोधत होते, असं छेदीने मला सांगितलं.

गुरुजी जिना उतरले ते जणू आत्ता कुणी तरी आलं आहे असं कळल्यासारखे. सुधीर आत आला, उंबरठा ओलांडला आणि आतल्या दुसऱ्या पायरीवर सपशेल घसरला. कोपर सोललं. हळद लावली, पाणी दिलं, आणि गुरुजींनी वही उघडली. खापरपणजोबांचे वडील मोडीत, खापरपणजोबा मोडीत, पणजोबा मोडीत, आजोबा देवनागरीत. गुरुजी एकेक नाव बोटाने दाखवत, मोठ्याने उच्चारत आले आणि शेवटच्या सहीपाशी थांबले. मग वही त्याच्याकडे फिरवली.

वडिलांचं अक्षर होतं. नाव, गाव, गोत्र. त्याखाली दुसऱ्या कशाहीपेक्षा ठळक एक ओळ: ‘दारातील दुसरी पायरी निसरडी आहे. पुढील व्यक्तीने जपून यावे.’

सुधीर ती ओळ बराच वेळ वाचत बसला. एवढी लांब नव्हती ती.

“फोनवरही असेच बोलायचे,” तो शेवटी म्हणाला. “कसा आहेस वगैरे नाही. डायरेक्ट सूचना.”

मेधाबाईंनी त्याला रुमाल दिला. तो कोपराला लावायचा की डोळ्यांना, हे त्याला ठरवता येईना. मग त्याने पेन मागून घेतलं, वडिलांच्या सहीखाली आपलं नाव, गाव, गोत्र लिहिलं, आणि खाली एक ओळ: ‘पायरी अजून तशीच आहे.’

गुरुजींनी ती वाचून मान डोलावली. “नोंद बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि त्या दिवसातला पहिला चहा मागवला.

श्राद्ध यथासांग झालं. निघताना मी सुधीरला गाठलं. एवढं खपून केलेलं काम, कौतुकाची अपेक्षा होती.

“वेबसाइट पाहिलीत ना? कशी वाटली?”

“गणपतीपर्यंत पाहिली,” तो म्हणाला. “तोही अर्धाच आला. पाच-सहा वेळा प्रयत्न केला, दर वेळी मुकुट, डोळा आणि मीटर. म्हटलं असेल एवढंच. काशीचे मराठी उपाध्याय म्हणून दुसरं काही सापडतही नव्हतं. प्रिंट काढलं आणि निघालो.” मग सौजन्याने म्हणाला, “पुढे काही होतं का?”

“नाही, विशेष काही नाही,” मी म्हणालो.

घरी येऊन मी हिशोब मांडला. मी सांगितलं तसं केलं असतं तर पहिल्या पानावर मेलेला फोन नंबर असता, कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचा गुलाबी गणपती असता, आणि मीटर मी कात्रीने कापून टाकलेलं असतं. उंब्रजकरांची सहावी पिढी समोरच्या वहीत गेली असती. त्या दिवसापासून मी नव्या गिऱ्हाइकाला आधी एक प्रश्न विचारायचो: तुमच्या दाराशेजारी काय आहे? एका वैद्यांच्या पानावर मी त्यांच्या दारातल्या लंगड्या बैलाचा फोटो लावला होता. लोक बरोबर पोचायचे. बैल पुढे दुसऱ्या गल्लीत बसायला लागला, तेव्हा वैद्यांनी माझ्याकडे तक्रार केली.

आता मी दुकान बंद केलं आहे. परवा या धंद्यातला एक तरुण मला समजावत होता, की काका, आमचं क्षेत्र फार बदललं; आता आम्ही ग्राहकाचं आधी ऐकून घेतो, त्याला काय हवं ते समजून घेतो, मगच काम करतो. मी म्हटलं, वा. दुसरी पायरी जपून उतर. त्याला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. बाकीची चार पानं कुणा यजमानाने पाहिलीच नाहीत, हे मी गुरुजींना कधीच सांगितलं नाही. ते भेटले की विचारायचे, “भैरव देतो ना रे आज्ञा सगळ्यांना?” मी म्हणायचो, “देतो, गुरुजी. अर्ध्या मिनिटात.” साक्षीविनायकाच्या वहीत शेवटपर्यंत एकच नोंद होती: ‘वामन. येऊन गेलो. बरे केले आहे.’

गुरुजी गेले त्या वर्षी सुतकाच्या गडबडीत वेबसाइटचं वार्षिक नूतनीकरण राहून गेलं. पत्ता चारच अक्षरी, सुटसुटीत होता. महिन्याभरात तो कुणीतरी घेतला. आज तिथे एक परदेशी कंपनी मांजरांचं खाणं विकते. फोन नंबर पहिल्याच पानावर आहे.